देवमाशांचा अर्धवट वंशवृक्ष
आज देवमासे आणि डॉल्फिन यांच्या मिळून सुमारे ९० जाती हयात आहेत. डीएनएची तुलना करून त्यांचा वंशवृक्ष मांडता येतो. कोणती फांदी साधारण केव्हा फुटली, तेही कळतं. त्यावरून नव्या जाती निपजण्याचा आणि जुन्या नामशेष होण्याचा वेग काळानुसार कसा बदलला, याचं गणित मांडतात. अडचण अशी, की नामशेष झालेल्या फांद्या या वृक्षात दिसतच नाहीत. २०२० साली लूका आणि पेनेल या संशोधकांनी दाखवून दिलं, की एकाच वृक्षाला या दोन वेगांच्या असंख्य जोड्या तितक्याच चपखल बसतात. मग भरभराट झाली की ऱ्हास, हे ठरवायचं कसं? इथे जीवाश्म कामी येतात. मायोसीन या भूशास्त्रीय काळात देवमाशांची विविधता आजच्याहून जास्त होती, असं त्यांच्यावरून दिसतं.