पिकअप घेताना: एचपी, पाटे आणि काटा

अमेरिका-कॅनडातल्या पिकअपचे व्हिडिओ आपल्याकडे आवडीने बघितले जातात. पुढे लोखंडी फाळ लावून गुडघाभर बर्फ बाजूला सारणारी, मागे बोट नाहीतर घोड्यांचा ट्रेलर ओढणारी ती धिप्पाड वाहनं. ती बघून वाळूज एमआयडीसीत पहिली गाडी घ्यायला निघालेला माणूस शोरूममध्ये दोनच गोष्टी विचारतो: एचपी किती, आणि फोर बाय फोर आहे का?

वाळूजच्या बजाजनगरात बर्फ पडत नाही. जिथे पडतो त्या झोजिलावरही आपल्याकडे तो पिकअप हटवत नाहीत, सीमा रस्ते संघटनेचे डोझर आणि स्नो कटर हटवतात. इथल्या पिकअपचं काम वेगळं आहे. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला, भोवती एन्ड्युरन्स, व्हॅरॉकसारख्या कंपन्या वाढल्या आणि त्यांना माल देणारी लहान-मोठी शेड उभी राहिली. या शेडमधून त्या शेडमध्ये प्रेस पार्ट, कास्टिंग, रबराचा माल, पुठ्ठ्याची खोकी पोचवायची, अधूनमधून बंद पडलेलं वाहन ओढून आणायचं, हे इथल्या पिकअपचं रोजचं जिणं.

तेव्हा आधी एचपीचा गैरसमज. टाटांनी मे 2005 मध्ये 'एस' बाजारात आणली. गिरीश वाघ यांच्या टीमने बनवलेली ही गाडी म्हणजे पुढे गावोगाव झालेला छोटा हत्ती. तिचं इंजिन दोन सिलिंडरचं, 702 सीसीचं, ताकद अवघी 16 एचपी, आणि माल पाऊण टन. उलट टोयोटा हायलक्सला 204 पीएस आहेत, पण ती डबल कॅबची, खासगी वापराची गाडी. साध्या बोलेरो पिकअपच्या निम्माही माल ती नेत नाही. एचपी प्रामुख्याने सांगते की भार घेऊन गाडी किती वेगात पळेल. भरलेली गाडी चढावर जागची हलते ती टॉर्क आणि गिअरच्या गुणोत्तरावर. बोलेरो पिकअपचं अडीच लिटरचं डिझेल इंजिन 80 एचपीच्या आसपासचं असून वर्षानुवर्षं चालतं ते कमी फेऱ्यांवर मिळणाऱ्या ओढीमुळे. मोरे चौकातून कंपनीच्या गेटपर्यंत जायला 200 एचपी काय करायचे?

दुसरा गैरसमज जास्त महाग पडतो. 'दीड टनाचं पासिंग आहे म्हणजे दीड टन माल बसतो.' आरसीवर दोन वजनं असतात: रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं. दोन्हींतला फरक म्हणजे गाडीवर नंतर चढणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं वजन, फक्त मालाचं नव्हे. समजा एकूण वजन 3,200 किलो, रिकामं 1,700. हातात 1,500 आले. ड्रायव्हर आणि हमाल मिळून 150 गेले. हौद्याला नंतर 3 मिलिमीटरची चेकर्ड प्लेट ठोकली असेल तर साधारण 100 किलो तिचे. पार्ट लोखंडी बिनमधून जातात. रिकामी बिन 60 किलोची धरली आणि दहा बिन ठेवल्या तर 600 गेले. उरले 650. दीड टनाची म्हणून घेतलेल्या गाडीत पार्ट बसले साडेसहाशे किलो, आणि ताडपत्री, दोर, जॅक तर धरलेच नाहीत. बिन हलक्या केल्या तर तीच गाडी जास्त माल नेते, आणि हा खर्च मोठ्या गाडीच्या हप्त्यापेक्षा बहुधा कमीच पडतो.

यातच हौद्याच्या लांबीचा मोह येतो. आठ फुटीपेक्षा नऊ फुटी बरी, नऊपेक्षा दहा. थर्माकोल, पुठ्ठा, फोम नेणाऱ्याला ते खरंच आहे, कारण त्याची जागा आधी संपते. लोखंड नेणाऱ्याचं उलटं. नऊ फूट बाय साडेपाच फूट हौद्यात पोलादाचा सलग एक इंच जाडीचा थर पसरला तर त्याचं वजन 900 किलोच्या वर जातं. दोन इंच झाले की गाडी ओव्हरलोड, आणि हौदा दिसायला रिकामाच! डोळ्यांनी भार जोखणाऱ्या माणसाला लोखंड हमखास फसवतं. म्हणून लांब हौद्याची गाडी घेऊन कास्टिंग भरायचं ठरवलं असेल तर त्या जास्तीच्या फुटाचं वजन आणि पैसे आपण उगाच वाहतो.

मग कुणीतरी सुचवतं, 'दोन पाटे वाढवून घ्या.' पाटे वाढवले की भरलेली गाडी मागे बसत नाही, एवढंच होतं. ब्रेक तेच, आस तोच, बेअरिंग तीच, टायर तेच. टायरच्या बाजूला आकारानंतर भाराचा निर्देशांक छापलेला असतो: 100 म्हणजे एका टायरवर 800 किलो, 102 म्हणजे 850, 104 म्हणजे 900. पाट्यांनी हा आकडा बदलत नाही. उलट गाडी सरळ उभी दिसते, त्यामुळे जास्त भरल्याची शेवटची खूणही जाते. माझ्या मते पाटे वाढवलेली जुनी पिकअप विकत घेणं म्हणजे तिने आजवर काय काय सोसलं हे न विचारता घेणं. दंडाचं म्हणाल तर 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली ओव्हरलोडला 20 हजार रुपये, वर जादा प्रत्येक टनामागे 2 हजार, आणि जादा माल तिथेच उतरवायचा. उतरवलेला माल न्यायला दुसरी गाडी बोलवावी लागते ती वेगळीच.

आता फोर बाय फोर. पावसाळ्यात गंगापूरकडच्या शेतरस्त्यावर काळ्या मातीत रिकामी पिकअप रुतते, तिथे चारही चाकांना ताकद मिळाल्याने फायदा होतो, नाही असं नाही. पण रुतण्याचं मूळ कारण बघा. बहुतेक मालवाहू पिकअपची मागची चाकं गाडी ढकलतात, आणि हौदा रिकामा असला की नेमकी तीच हलकी असतात. चाकावर वजन नाही तर पकड नाही. झिजलेले टायर असतील तर चौथं चाकही नुसतं गरगरतं. आणि ब्रेक लावताना फोर बाय फोर गाडीला जास्तीची चाकं येत नाहीत. थांबायला चार चाकं प्रत्येक गाडीला असतातच. रोज डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्याने या यंत्रणेचं वजन आणि किंमत वर्षभर का सोसावी, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

इथे तो बर्फाचा फाळ पुन्हा उपयोगी पडतो. फाळ पुढच्या आसाच्याही पुढे लटकतो. त्यामुळे पुढच्या आसावर फाळाच्या वजनापेक्षाही जास्त भार येतो आणि मागची चाकं हलकी होतात. तिकडचे लोक म्हणून हौद्यात अगदी मागे वाळूच्या गोण्या ठेवतात आणि गाडी घेतानाच पुढच्या आसाची क्षमता तपासतात. आपल्याकडे याचं नेमकं उलटं होतं. पिकअपवर क्रेन बसवून बंद कारची पुढची चाकं उचलली, तर ते वजन मागच्या आसाच्या मागे लटकतं. हिशोब सोपा आहे. दोन आसांत 3 मीटर अंतर, उचललेलं वजन 500 किलो, आणि ते मागच्या आसाच्या 1.2 मीटर मागे. पुढच्या आसावरचे 200 किलो कमी होतात आणि मागच्यावर 700 चढतात. उचलले 500, मागच्या टायरना बसले 700, आणि स्टिअरिंग हलकं झालं. 'एवढी कार काय, अर्ध्या टनाचा तर बोजा आहे' असं म्हणणारा हे 200 किलो विसरतो. वाळूजजवळच्या पंढरपूरच्या चौकात ओल्या रस्त्यावर वळताना ते आठवून उपयोग नाही.

दोरीने ओढणं त्याहून सोपं वाटतं, म्हणून त्यात जास्त चुका होतात. नियमानुसार दोन गाड्यांतलं अंतर 5 मीटरपेक्षा जास्त नको, मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर परवाना असलेला माणूस हवा, आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत. दोर बंपरला नाही, चासीच्या हुकाला बांधायचा. बंद इंजिनाच्या गाडीला ब्रेकची पॉवर मिळत नाही, पेडल दगडासारखं घट्ट होतं. मागे बसलेल्याला हे आधी सांगितलेलं बरं. आणि ट्रॅक्टरची ट्रॉली पिकअपला लावायचा विचार असेल तर सोडून द्या. ट्रॅक्टरचं बहुतेक वजन ताकद देणाऱ्या मागच्या मोठ्या चाकांवर असतं, गिअर अगदी खालचे असतात, वेग कमी असतो. पिकअपच्या माहितीपत्रकात ट्रेलर ओढण्याची क्षमता शोधून बघा; आपल्याकडच्या मालवाहू गाड्यांत ती बहुधा दिलेलीच नसते.

कन्नडच्या औट्रम घाटात किंवा चौक्याच्या उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचतं, हाही जुना समज. बीएस-6 चं इंजिन गिअरमध्ये असताना आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना इंजेक्शन बंद करतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. वाचत काही नाही, ब्रेक मात्र तापतात.

परवान्याबद्दल अजूनही बरेच मालक गोंधळलेले दिसतात. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्याला एकूण 7,500 किलोच्या आतलं मालवाहू वाहन चालवायला वेगळा शेरा लागत नाही. म्हणजे पिकअप त्यात आली. विमा कंपनीने केवळ या मुद्द्यावर दावा नाकारला तर हा निकाल पुढे करता येतो. घातक रसायनं नेणाऱ्याने मात्र यावर विसंबू नये.

गाडी पक्की करण्याआधी एक करा. विक्रेत्याकडून चाचणीला गाडी मिळाली की नेहमीचा माल नेहमीच्या बिनमध्ये भरा आणि वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन आकडा टिपा, मग पूर्ण गाडी चढवून दुसरा. वजाबाकी म्हणजे मागच्या आसावरचा भार. त्याला दोनने भागा आणि मागच्या टायरवरच्या निर्देशांकाशी ताडून बघा. एकूण आकडा आरसीच्या आत असूनही मागचा टायर हद्दीबाहेर गेलेला दिसला, तर माल केबिनच्या बाजूला सरकवून पुन्हा काटा करा. तरी जमत नसेल तर गाडी एक माप मोठी घ्यायला हवी, नाहीतर फेऱ्या वाढवायला हव्यात.