डिस्क ड्राइव्ह दिसेनासा होणे

डिस्क ड्राइव्ह दिसेनासा होणे हा डेस्कटॉप संगणकात वारंवार आढळणारा एक दोष होय. सीडी किंवा डीव्हीडी वाचणारा ड्राइव्ह कॅबिनेटमध्ये बसवलेला असूनही पडद्यावर त्याचे चिन्ह उमटत नाही, किंवा काही काळ दिसून ते नाहीसे होते. दोषाचे मूळ केबल, वीजपुरवठा, मदरबोर्ड, कार्यप्रणाली अथवा खुद्द ड्राइव्ह यांपैकी कोठेही असू शकते. त्यामुळे ड्राइव्ह नेमका कोणत्या टप्प्यावर नाहीसा होतो हे निश्चित करणे ही दोषशोधाची पहिली पायरी मानली जाते.

पार्श्वभूमी

कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ मध्ये आणि डीव्हीडी १९९६ मध्ये बाजारात आली. सीडीवर सुमारे ७०० मेगाबाइट, तर एकपदरी डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट माहिती मावते. इंटरनेटचा वेग कमी होता त्या काळात सॉफ्टवेअरचा प्रसार मुख्यतः सीडीवरून होत असे. भारत सरकारच्या टीडीआयएल कार्यक्रमाखाली मराठीसह अनेक भारतीय भाषांचे टंक व भाषिक साधने सीडीवरून मोफत वितरित करण्यात आली होती. शाळांची कागदपत्रे, समारंभांची छायाचित्रे आणि लग्नाच्या चित्रफिती आजही अनेक ठिकाणी अशा डिस्कवरच आहेत. त्यामुळे जुन्या ड्राइव्हची दुरुस्ती हा केवळ यंत्राचा नव्हे, तर साठवलेल्या माहितीचाही प्रश्न ठरतो.

दोन दोषांतील भेद

ड्राइव्ह न दिसणे आणि डिस्क न वाचली जाणे हे दोन भिन्न दोष आहेत. भिंगावर धूळ बसल्यास किंवा डिस्कवर ओरखडे असल्यास डिस्क वाचली जात नाही. परंतु ड्राइव्हचे चिन्ह सामान्यतः कायम राहते. चिन्हच नाहीसे होत असेल, तर भिंग साफ करून सहसा उपयोग होत नाही. डिस्क आत घातल्यावरच ड्राइव्ह नाहीसा होत असेल, तर प्रथम दुसरी चांगली डिस्क घालून पाहतात.

दोषाचे स्थान ओळखणे

संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ यांसारखी कळ दाबून बायोस उघडता येते. बायोस हा कार्यप्रणालीच्या आधी काम करणारा मूलभूत आज्ञासंच आहे. त्याच्या यादीत ड्राइव्हचे नाव नसेल, तर दोष बहुधा जोडणीत, वीजपुरवठ्यात किंवा ड्राइव्हमध्ये असतो. नाव तेथे सातत्याने दिसत असेल, पण विंडोजमध्ये येत नसेल, तर दोष बहुधा कार्यप्रणालीत असतो. ड्राइव्ह अधूनमधून नाहीसा होत असल्यास ही तपासणी अनेकदा करावी लागते.

बायोसमध्ये ड्राइव्ह न दिसणे

कॅबिनेट उघडण्यापूर्वी संगणक बंद करून विजेची पिन काढणे आवश्यक असते. साटा पद्धतीच्या ड्राइव्हला ७ संपर्कबिंदूंची माहितीची केबल आणि १५ संपर्कबिंदूंची विजेची केबल जोडलेली असते. केबल सैल झाली असल्यास हलक्या धक्क्यानेही संपर्क तुटतो. पुढील क्रमाने एका वेळी एकच बदल केला जातो:

१. दोन्ही केबल काढून पुन्हा घट्ट बसवणे.
२. माहितीची केबल बदलून पाहणे.
३. मदरबोर्डवरील दुसरे साटा पोर्ट वापरणे. मूळ पोर्ट बायोसमध्ये बंद केलेले नाही याची खात्री करणे.
४. एसएमपीएसची दुसरी विजेची केबल जोडणे.
५. ड्राइव्ह दुसऱ्या संगणकात लावून पाहणे.

दोन बदल एकाच वेळी केल्यास खरे कारण कोणते होते, हे कळत नाही. जुन्या आयडीई पद्धतीत ४० पिनांची रुंद पट्टीसारखी केबल असते. एका केबलवरील दोन्ही उपकरणे ‘मास्टर’ किंवा दोन्ही ‘स्लेव्ह’ ठेवली गेल्यास त्यांपैकी एक दिसेनासे होऊ शकते. यूएसबीने जोडलेल्या बाह्य ड्राइव्हला समोरच्या पोर्टमधून पुरेशी वीज न मिळाल्यास तो मागील पोर्टला जोडून पाहतात.

विंडोजमध्ये ड्राइव्ह न दिसणे

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या नावापुढे पिवळे चिन्ह आणि १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ यांपैकी एखादा त्रुटी क्रमांक दिसू शकतो. प्रथम तेथून ड्राइव्ह ‘अनइन्स्टॉल’ करून संगणक पुन्हा सुरू करतात. विंडोज त्याची नोंद नव्याने करते. याने काम न झाल्यास रजिस्ट्रीतील ‘अप्परफिल्टर्स’ व ‘लोअरफिल्टर्स’ या नोंदी तपासल्या जातात. सीडी लिहिणारे एखादे सॉफ्टवेअर काढून टाकल्यावर त्या बिघडलेल्या अवस्थेत मागे राहू शकतात. त्या काढण्यापूर्वी रजिस्ट्रीची प्रत ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण चुकीची नोंद काढल्यास संगणक सुरूच न होण्याचा धोका असतो. ड्राइव्हचे अक्षर दुसऱ्या उपकरणाशी जुळत असल्यास डिस्क मॅनेजमेंटमधून ते बदलता येते.

भंडारा जिल्ह्यातील परिस्थिती

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्ह्यात भात हे मुख्य पीक असून राइस मिलही आहेत. मिलच्या परिसरातील धूळ व कोंड्याचे कण कॅबिनेटमध्ये साचून वारा खेळण्यास अडथळा करू शकतात. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर पावसाळ्यात हवा दमट असते. उष्णतेने प्रसरण पावणारे आणि दमटपणाने गंजणारे संपर्कबिंदू हे ड्राइव्ह अधूनमधून नाहीसा होण्याचे एक संभाव्य कारण आहे.

वीज वारंवार जाणे-येणे हेही एसएमपीएसला घातक ठरते. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दीर्घ भारनियमन होते. ड्राइव्हला ५ व १२ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि त्यात ५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य असतो. एसएमपीएस क्षीण झाल्यास डिस्क फिरू लागताच व्होल्टेज उतरते आणि ड्राइव्ह दिसेनासा होतो. यूपीएस व योग्य अर्थिंग यांमुळे हा धोका कमी होतो.

माहितीची सुरक्षितता

सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह नाहीसा झाला तरी डिस्कवरील माहितीला सहसा धोका नसतो. दुसऱ्या ड्राइव्हवर ती वाचता येते. हार्ड डिस्क अशी नाहीशी होऊ लागल्यास मात्र प्रसंग गंभीर असतो, कारण माहिती तिच्यातच असते. ती पुन्हा दिसताच दुरुस्तीच्या प्रयोगांआधी महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसरीकडे घेणे इष्ट ठरते. खडखड आवाज येत असल्यास संगणक वारंवार सुरू करून पाहणे टाळावे लागते.