कॉल करणाऱ्यासमोर ब्लफ का फसतो?

शेवटचं पान उघडलंय. पॉटमध्ये 100 चिप्स आहेत. हातात काहीच नसताना तुम्ही 100 लावता. हा ब्लफ तोट्यात जाऊ नये म्हणून समोरच्याने निदान 50 टक्के वेळा पत्ते टाकायला हवेत. कमी फीच्या टूर्नामेंटमधला सैल खेळाडू मात्र साध्या जोडीवरही कॉल करतो. समजा, तो 20 टक्केच वेळा पत्ते टाकतो. मग सरासरी येते: 0.2 × 100 − 0.8 × 100 = −60. आणि चिप्स संपल्या की तुम्ही बाहेर! त्याच्यासमोर ब्लफ बंद, चांगल्या पत्त्यांवर मोठी बेट.

2015 मध्ये अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने दोघांचा लिमिट होल्डेम जवळजवळ सोडवला. ती समतोल रणनीती सरासरीत हरत नाही; पण समोरच्याच्या चुकांचा पुरेपूर फायदाही घेत नाही. म्हणून कुठलंही मॉडेल वापरण्याआधी विचारा: यात समोर कोण गृहीत धरलंय?