मुदत नाकारली, शिक्षा झाली : अपील कसे करायचे?



समजा, तेल्हाऱ्यातील एका मजूर तरुणावर दारू पिऊन मोटारसायकल चालवल्याची केस आहे. पेशीला वकील येत नाही. तो मुदत मागतो, न्यायालय नाकारते. पोलीस साक्षीदाराची उलटतपासणी होत नाही आणि शिक्षा लागते. "आता काही होत नाही" असे सांगणारे मग पुष्कळ भेटतात. ते खरे नाही.

आधी कायदा पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले तर गुन्हा होतो. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. नुसत्या तोंडाच्या वासावरून भागत नाही. चाचणी लागते.

मुदत हा आरोपीचा हक्क नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४६ नुसार परिस्थिती हाताबाहेरची असेल तरच, आणि जास्तीत जास्त दोनदा, मुदत मिळते. वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतला आहे, हे कारण चालत नाही. मुदत नाकारल्याच्या आदेशाविरुद्ध वेगळा पुनरीक्षण अर्जही सहसा टिकत नाही, कारण तो अंतरिम आदेश असतो. पण शिक्षेविरुद्धच्या अपिलात तोच मुद्दा घेता येतो.

तिथे दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. पहिली, मुदतीचा लेखी अर्ज दिला होता आणि कारण खरे होते. दवाखान्याचे कागद असतील तर ते जोडावेत. दुसरी, नकारामुळे बचावाचे नुकसान झाले. यंत्राच्या चाचणीबद्दल साक्षीदाराला विचारताच आले नाही, हे असे नुकसान आहे. म्हणून अर्जाची आणि रोजनाम्याची नक्कल महत्त्वाची. तोंडी मागितलेल्या मुदतीचा पुरावा राहत नाही. मुद्दा पटला तर सत्र न्यायालय शिक्षा रद्द करू शकते, फेरसुनावणीचा आदेश देऊ शकते किंवा जादा पुरावा घेऊ शकते.

अपिलाची मुदत ३० दिवस. नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वगळला जातो, म्हणून निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज द्यावा. कैद झाली असेल तर अपील करायचे आहे असे सांगून त्याच न्यायालयात जामीन मागावा. "दंड भरून मोकळे व्हा" म्हणून गुन्हा कबूल केला, तर मात्र अपिलाचा रस्ता जवळपास बंद होतो. मग फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढेच विचारता येते.

२००२ च्या वांद्रे अपघात प्रकरणात सलमान खानला ६ मे २०१५ रोजी ५ वर्षांची शिक्षा झाली. निकालाची प्रत मिळाली नाही म्हणून त्याच दिवशी उच्च न्यायालयातून अंतरिम जामीन मिळाला. १० डिसेंबरला तो निर्दोष सुटला. रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीवर न्यायालयाने शंका घेतली होती. राज्य सरकार पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. आमचा मुद्दा वेगळा आहे. जो कायदा त्याच्या वकिलांनी वापरला, तोच आपल्या वस्तीतील पोरासाठीही आहे. कमी पडतो तो वकील.

तोही मोफत मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट नाही, आणि १९९० पासून अनुसूचित जातीच्या यादीत बौद्धही आहेत. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करावा, किंवा १५१०० वर फोन करावा. सुक दास प्रकरणात (१९८६) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गरीब आरोपीला मोफत वकिलाचा हक्क आहे हे कळवणे न्यायालयाचे कर्तव्य आहे. तिथे वकिलाविना झालेली शिक्षा रद्द झाली.

पाचवे शील आपण रोज घेतो. पिऊन गाडी चालवणाऱ्याची पाठराखण आम्ही करणार नाही. पण दोष ठरायचा तो बाजू ऐकून ठरावा, हे बाबासाहेबांच्या संविधानाचे सांगणे आहे. कार्यकर्त्यांनी पेशीला सोबत जावे, अर्ज लेखी द्यायला लावावा आणि नकलेची तारीख वहीत लिहून ठेवावी.