दूरचित्रवाणीवरील जाहिरातींतील वांशिक साचे : ‘फ्रिटो बँडिटो’चे प्रकरण

‘स्टीरिओटाइप’ हा शब्द मूळचा मुद्रणालयातला. जुळवलेल्या खिळ्यांच्या पानावरून साचा घ्यावयाचा आणि त्यात धातूचा रस ओतून अख्ख्या पानाचा एकसंध पत्रा तयार करावयाचा, ही रीत अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये रूढ झाली. पान एकदा ओतले म्हणजे जुळाऱ्याला पुन्हा श्रम पडत नाहीत, हा तिचा लाभ; आणि त्या पानात राहून गेलेली चूकही मग प्रत्येक प्रतीबरोबर छापली जाते, हा तिचा दोष. १९२२ मध्ये वॉल्टर लिपमन या अमेरिकन वृत्तपत्रकाराने ‘पब्लिक ओपिनियन’ या ग्रंथात हा शब्द मानवी मनाच्या व्यापाराला लावला आणि तेव्हापासून समाजशास्त्रात तो त्याच अर्थाने चालत आला आहे. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘साचा’ हा साधा शब्द योजला आहे.

दूरचित्रवाणीवरील जाहिरातीला अशा साच्याची गरज इतर कोणत्याही कलाप्रकारापेक्षा अधिक भासते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. नाटककाराला पात्राचा परिचय करून देण्यास एक अंक मिळतो, कादंबरीकाराला हवी तितकी पाने मिळतात. जाहिरातदाराच्या वाट्याला तीस किंवा साठ सेकंद येतात, आणि त्यांतील बहुतेक सेकंद मालाच्या स्तुतीसाठी राखून ठेवावे लागतात. तेव्हा पडद्यावर आलेला मनुष्य कोण हे प्रेक्षकाला निमिषार्धात उमगले पाहिजे. टोपी, मिशी, रंग, उच्चार ही ती ओळख पटवणारी साधने होत. म्हणून जाहिरातीतील वांशिक साचा केवळ जाहिरातदाराच्या द्वेषबुद्धीतून निपजतो असे मानणे बरोबर नाही. पुष्कळदा तो घाईतून आणि काटकसरीतून निपजतो. मात्र घाईने झालेली इजा ही इजाच असते, आणि तिचे स्वरूप नेमके कोणते, हा प्रश्न पुढे उरतोच. त्या प्रश्नाची उकल करण्यास अमेरिकेतील एक जुने प्रकरण फार उपयोगी पडते.

१९३२ मध्ये टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ या गावी चार्ल्स एल्मर डूलिन नावाच्या गृहस्थाने मक्याच्या पिठाच्या कुरकुरीत तळलेल्या चकत्यांची कृती विकत घेतली. विकणारा गुस्तावो ओल्गीन हा मूळचा मेक्सिकोचा रहिवासी होता. कृती, हाताने चालवावयाचे साधे यंत्र आणि ठरलेली काही दुकाने असा तो सारा व्यवहार शंभर डॉलरांत झाला. या चकत्यांना ‘फ्रिटोज’ हे नाव मिळाले, आणि १९६१ मध्ये डूलिनची कंपनी लेच्या कंपनीत विलीन होऊन ‘फ्रिटो-ले’ हा मोठा उद्योग उभा राहिला. १९५० च्या दशकापासून या मालाच्या जाहिरातीत ‘फ्रिटो किड’ नावाचा एक गोरा, हसरा, काऊबॉयच्या वेषातील मुलगा दिसत असे. १९६७ मध्ये ‘फुट, कोन अँड बेल्डिंग’ या जाहिरातसंस्थेने त्याला निवृत्त केले व त्याच्या जागी ‘फ्रिटो बँडिटो’ आणला.

हा बँडिटो म्हणजे बुटका, गोलमटोल मेक्सिकन दरोडेखोर. डोक्यावर रुंद काठाची सोम्ब्रेरो टोपी, ओठांवर लांब वळलेल्या मिशा, हनुवटीवर वाढलेले खुंट, तोंडात चमकणारा सोन्याचा दात आणि कमरेला दोन पिस्तुले. टेक्स ॲव्हरी या नामांकित व्यंगपट-दिग्दर्शकाने त्याला चालते केले आणि बग्ज बनीला आवाज देणाऱ्या मेल ब्लँकने त्याला बोलते केले. ‘सिएलितो लिंदो’ या मेक्सिकोतील घराघरांत गाइल्या जाणाऱ्या गीताच्या चालीवर तो मोडक्या इंग्रजीत गाई. आपल्याला या चकत्या फार आवडतात आणि त्या आपण तुमच्याकडून लुबाडणार, असा त्या गाण्याचा आशय असे. मुलांसाठी पेन्सिलीच्या टोकावर बसवावयाची त्याच्या आकृतीची खोडरबरेही निघाली होती. जाहिरात यशस्वी झाली आणि गाणे शाळकरी पोरांच्या तोंडी बसले.

आता या प्रसंगातील विसंगती पाहावी. पदार्थ मेक्सिकन स्वयंपाकघरातला, कृती एका मेक्सिकनाकडून विकत घेतलेली, चालही मेक्सिकन; आणि पडद्यावर मात्र मेक्सिकन मनुष्य हाच तो पदार्थ चोरण्यासाठी येतो! ज्या टेक्सासात हा माल जन्मला, तो प्रदेशही १८३६ पर्यंत मेक्सिकोचा होता. आणि १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने मेक्सिकोला आणखी किती भूमी गमवावी लागली हे इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊकच आहे. कोणी कोणाचे काय नेले, याचा हिशेब त्या व्यंगचित्राने नेमका उलटा मांडला. तो हेतुपुरस्सर उलटा मांडला असे म्हणण्याचे कारण नाही. जाहिरात लिहिणाऱ्याच्या मनात हा हिशेब आलाही नसेल, कारण साचा त्याच्या हाताशी तयार होता.

तो तयार कोठून आला? अमेरिकन मूकपटांच्या आरंभकाळापासून मेक्सिकन म्हणजे कपटी, आळशी, सुरा चालवणारा दरोडेखोर, असे चित्र पडद्यावर रंगवले जात होते. हा उपद्रव इतका वाढला की, १९२२ मध्ये मेक्सिकोच्या सरकारने असे चित्रपट काढणाऱ्या कंपन्यांचे सर्वच चित्रपट आपल्या देशात येऊ देण्यास मनाई केली. स्वतंत्र राष्ट्राला असा उपाय करता आला. अमेरिकेचेच नागरिक असलेल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांना तो मार्ग नव्हता. चित्रपटगृहाचे तिकीट न काढणे त्यांच्या हाती होते, पण घरातील पेटीतून मुलांच्या कार्यक्रमामधोमध अवतरणाऱ्या बँडिटोला ते अडवणार कसे?

विरोध उभा राहिला तो १९६८ च्या सुमारास. कॅलिफोर्नियातील द्राक्षमळ्यांवर सेसर चावेस यांच्या नेतृत्वाखाली शेतमजुरांचा संप चालू होता, पूर्व लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन विद्यार्थी शाळांवर बहिष्कार टाकून रस्त्यावर आले होते. त्याच वातावरणात ‘नॅशनल मेक्सिकन-अमेरिकन अँटी-डिफमेशन कमिटी’ या संस्थेने बँडिटोविरुद्ध आवाज उठवला. १९६९ मध्ये तोमास मार्तिनेस या समाजशास्त्रज्ञाने ‘एल ग्रितो’ या नियतकालिकात जाहिरातींतील मेक्सिकनांवर एक निबंध लिहिला. त्यात त्याने एकट्या बँडिटोचाच नव्हे, तर त्या काळच्या अनेक कंपन्यांच्या जाहिरातींचा झाडा घेतला. एका दुर्गंधनाशक फवाऱ्याच्या जाहिरातीत मेक्सिकन दरोडेखोरांचा म्होरक्या टोळी थांबवून काखेत फवारा मारतो, आणि याला जो माल चालतो तो तुम्हालाही चालेल, असे प्रेक्षकाला सांगितले जाते. एका सिगारेटच्या जाहिरातीतील मेक्सिकन कोणतेच काम तडीस नेत नाही; क्रांतीसुद्धा त्याने अर्धवट सोडलेली. मार्तिनेसचे म्हणणे असे की, या जाहिराती केवळ माल विकत नाहीत. मेक्सिकन मनुष्य आपल्यापेक्षा खालच्या पायरीवर आहे, हे समाधानही गोऱ्या ग्राहकाला त्या मालाबरोबर विकतात. माझ्या मते हे त्या निबंधातील सर्वांत मोलाचे निरीक्षण होय.

कंपनीने दिलेले उत्तर अभ्यासकाच्या दृष्टीने त्याहूनही बोधप्रद आहे. ही निव्वळ करमणूक आहे आणि पाहणीत मेक्सिकन वंशाच्या बहुसंख्य लोकांना हे पात्र आवडलेले दिसते, असा बचाव प्रथम झाला. नंतर पात्राला ‘सुधारण्यात’ आले. सोन्याचा दात काढला, दाढीचे खुंट तासले, मुद्रा सौम्य केली, पिस्तुले उतरवली. तरीही तक्रारी थांबल्या नाहीत. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रॅन्सिस्को येथील काही केंद्रांनी ही जाहिरात दाखवण्याचे नाकारले आणि अखेर १९७१ मध्ये बँडिटो पडद्यावरून गेला.

ही सुधारणा का फसली? दात, खुंट आणि पिस्तुल ही साच्याची केवळ नक्षी होती. साचा कथेतील भूमिकेत होता. दाढी केलेला, निःशस्त्र, गोड हसणारा मेक्सिकन हाही शेवटी तुमच्या चकत्या चोरणाराच राहिला. ‘तुम्ही’ म्हणजे मालक आणि ‘तो’ म्हणजे चोर, ही वाटणी जागची हलली नाही. त्या ‘तुम्ही’मध्ये मेक्सिकन मुलाचा समावेशच नव्हता. पडद्यासमोर बसलेल्या त्या मुलाने स्वतःला चकत्या खाणारा समजावे की चोरणारा? पाहणीतील आवडीचा मुद्दाही याच कारणाने लंगडा पडतो. एखादे गाणे आवडले काय, या प्रश्नाला मनुष्य उत्तर देतो. पण उद्या वर्गात ते गाणे आपल्या मुलाला चिडवण्यासाठी म्हटले जाईल काय, हे त्याला कोणी विचारलेले नसते.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. विनोदी फ्रेंच आचारी किंवा चिक्कू स्कॉट हेही साचेच आहेत. त्यांच्यावर कोणी आंदोलन करीत नाही. मग मेक्सिकनांनीच का चिडावे? याचे उत्तर संख्येत आहे. स्कॉट मनुष्य अमेरिकन पडद्यावर डॉक्टर, सेनापती, प्रियकर, संशोधक अशा कितीतरी रूपांनी दिसे. त्या गर्दीत एक चिक्कू स्कॉट सहज खपून जाई. मेक्सिकनाचे दुसरे रूपच नव्हते. एकाच चित्राच्या खांद्यावर साऱ्या समाजाची ओळख पडली म्हणजे ते चित्र विनोदी राहत नाही. सेड्रिक क्लार्क याने १९६९ मध्ये दूरचित्रवाणीवरील अल्पसंख्याकांच्या चित्रणाचे चार टप्पे सांगितले : प्रथम दखलच न घेणे, मग थट्टा, मग पोलीस वगैरे सुव्यवस्थेच्या रक्षकांच्या भूमिका देणे, आणि शेवटी आदर. ही मांडणी अजूनही वापरली जाते. परंतु बँडिटोच्या प्रकरणावरून असे दिसते की, थट्टेच्या टप्प्यावरून लोक पुढे न जाता मागेही जाऊ शकतात. बँडिटो गेला तेव्हा त्याच्या जागी एखादा भला मेक्सिकन आला नाही. मेक्सिकन मनुष्यच त्या जाहिरातींतून नाहीसा झाला.

थट्टेच्या उलट टोकाला, म्हणजे गौरवातही, साचा कसा दडलेला असतो याचे उदाहरण त्याच वर्षी मिळाले. २२ एप्रिल १९७१ रोजी, वसुंधरादिनी, ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ या संस्थेची एक जाहिरात प्रसारित झाली. चामड्याच्या पोशाखातील, पीस खोवलेला एक आदिवासी अमेरिकन पुरुष होडीतून येतो, नदीकाठचा व रस्त्याकडेचा कचरा पाहतो आणि त्याच्या डोळ्यांतून एक अश्रू ओघळतो. ही जाहिरात कमालीची गाजली. आयर्न आइज कोडी हे नाव लावून ती भूमिका करणारा नट वस्तुतः सिसिलियन आईबापांचा मुलगा होता, हे पुढे उघड झाले. पण ती गोष्ट येथे गौण आहे. महत्त्वाचे हे की, हा मनुष्य मूक होता आणि गतकाळातून आला होता. नेमक्या त्याच दिवसांत जिवंत आदिवासी अमेरिकन तरुण-तरुणी सॅन फ्रॅन्सिस्कोजवळच्या अल्कट्राझ बेटाचा ताबा घेऊन बसले होते आणि सरकारपुढे रोकड्या मागण्या मांडत होते. १९६९ च्या नोव्हेंबरात सुरू झालेला तो ताबा १९७१ च्या जूनमध्ये संपला. बोलणारे आदिवासी बेटावर आणि रडणारा आदिवासी घरोघरच्या पडद्यावर, अशी ती विभागणी झाली. २०२३ मध्ये त्या जाहिरातीचे हक्क ‘नॅशनल काँग्रेस ऑफ अमेरिकन इंडियन्स’च्या निधीकडे सोपवण्यात आले आणि त्या निधीने ती कायमची बंद ठेवण्याचे ठरवले.

भारतीय माणूसही या साच्यातून सुटलेला नाही. २०१२ मध्ये बटाट्याच्या चकत्यांच्याच एका अमेरिकन जाहिरातीत गोऱ्या नटाने चेहऱ्याला तपकिरी रंग फासून वधूच्या शोधात असलेला ‘राज’ नावाचा बॉलिवूड निर्माता रंगवला. ती जाहिरात आंतरजालावरील होती. निषेध होताच कंपनीने ती मागे घेतली व क्षमा मागितली. परदेशातील आपल्या लोकांना ती झोंबली हे स्वाभाविकच होते. पण आपल्या घरच्या पडद्याकडेही त्याच दृष्टीने पाहावयास हवे. दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून व्यापारी जाहिराती सुरू झाल्या. केबल दूरचित्रवाणीसाठी १९९४ साली केलेल्या नियमांपैकी सातव्या नियमानुसार वंश, जात, वर्ण, पंथ व राष्ट्रीयत्व यांची हेटाळणी करणारी जाहिरात दाखवण्यास मनाई आहे. शब्द ‘हेटाळणी’ असा आहे. हा शब्द सोन्याचा दात पकडू शकतो. भूमिकांची वाटणी त्याच्या हाती लागत नाही.

एक ओळखीचे उदाहरण घेऊ. हिंदी चित्रपटांत, मालिकांत आणि त्यांच्या मागोमाग जाहिरातींत मुंबईतल्या घरची मोलकरीण दाखवावयाची झाली की ती मराठी बोलीच्या वळणाचे हिंदी बोलते आणि नऊवारी नेसते, हे मराठी प्रेक्षकाला पाठ झालेले आहे. तिची हेटाळणी होत नाही; उलट ती प्रेमळ, तोंडाळ आणि विश्वासू असते. तक्रार करावी असे एकही वाक्य तिच्या तोंडी नसते. तरीही त्या घराची मालकीण तिच्यासारखे बोलत नाही, आणि साबणाची निवड मालकीणच करते. मराठी माणसाने यावर रागावण्याआधी आपल्या रंगभूमीवरचा आणि चित्रपटांतला मारवाडी सावकार, दूधवाला भय्या व ‘अय्यो’ म्हणणारा मद्रासी आठवून पाहावा. तेही कोणाच्या तरी घरी पाहिले जातात.

भूमिकेला हात घालणारा नियम करता येतच नाही, असे मात्र नाही. जाहिरात-व्यवसायाने १९८५ मध्ये स्वतःच स्थापन केलेल्या ‘ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स काउन्सिल ऑफ इंडिया’ने २०१४ मध्ये त्वचा उजळवणाऱ्या प्रसाधनांसाठी काही दंडक घालून दिले. सावळ्या वर्णाची व्यक्ती लग्नाच्या, नोकरीच्या वा बढतीच्या बाबतीत मागे पडलेली, खिन्न किंवा कमी प्रतीची दाखवू नये, असे त्यांत सांगितले आहे. येथे निंदेच्या शब्दावर बोट न ठेवता कथेवर ठेवले आहे : नोकरी कोणाला मिळाली, कोण उदास बसले, कोणाचे लग्न ठरले. भाषा, प्रांत आणि वंश यांच्या बाबतीत आपल्या जाहिरातींची पाहणी करावयाची झाल्यास नोंदपत्रकातील रकाने याच धर्तीचे असावे लागतील. पोशाख आणि उच्चार यांच्या शेजारी आणखी तीन रकाने हवेत. वस्तू विकत कोण घेते, ती हातात कोण आणून देते, आणि शेवटचे वाक्य कोणाच्या तोंडी आहे.