नागपूरचा कर्नल

क्रिकेटप्रेमी नागपूरकरांनो, सी. के. नायडू आपल्या गावचे! जन्म 31 ऑक्टोबर 1895, नागपूर. नायडूंना क्रिकेटमधून पगार नव्हताच. होळकरांनी फौजेत हुद्दा दिला, म्हणून इंदूर गाठलं.

1926, मुंबई जिमखाना. समोर एमसीसी. नायडूंनी 153 धावा ठोकल्या, त्यात 11 षटकार! हेल्मेट नाही, आजच्यासारखी जाड बॅट नाही. 1932 मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधारही तेच. हाताला दुखापत असूनही पहिल्या डावात 40 धावा, भारताकडून सर्वाधिक.

आणि वयाच्या साठीनंतरही हा माणूस रणजी खेळत होता.