अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

"मशीन चालतं ना नीट?" असं मी दर रविवारी फोनवर विचारायचो आणि आई म्हणायची, "चालतं की, छान चालतं." ती खोटं बोलत नव्हती. ते खरंच चालत होतं. न्हाणीच्या भिंतीपासून मोरीच्या दिशेनं, दर धुण्याला वीतभर.

आई इंदूरला आमच्या जुन्या घरी राहते, मी नोकरीसाठी पुण्यात. दिवाळीत तिला सात किलोचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन घेऊन दिलं होतं. मार्चमध्ये घरी गेलो तेव्हा पहाटे सहाला धोपटण्याच्या आवाजानं जाग आली. आई पाटावर बसून चादर धूत होती. शेजारी मशीन उभं, त्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर पापडाचा डबा.

"अगं, हे काय? मशीन बिघडलंय का?"

"बिघडलं नाही रे. शेवटी जोरात फिरायला लागलं की पुढे पुढे येतं. सुरुवातीला मी दोन्ही हातांनी धरून उभी राहायची. पण मनगटं दुखायला लागली. मग म्हटलं, चार कपडे तर आहेत."

"मला सांगायचं नाहीस का?"

"तू एवढ्या हौसेनं घेऊन दिलंस."

मी डबा उचलला, धुणं लावलं आणि समोर उभा राहिलो. पिळायची वेळ आली तसं मशीन आधी थरथरलं, मग धडधडलं आणि मग पुढे सरकायला लागलं. नळाची नळी ताणली गेली. आईचे हात सवयीनं मशीनवर गेले. आपण घेऊन दिलेल्या वस्तूला आई धरून उभी आहे, हे दृश्य काही बरं वाटलं नाही. नळी निसटली असती, ओल्या फरशीवर पाय घसरला असता, तर घरात दुसरं कोणी नव्हतं.

आत काय घडतं?

ओले कपडे ड्रममध्ये सगळीकडे सारखे पसरत नाहीत. समजा, एका बाजूला अर्धा किलो वजन जास्त झालं आणि ते मध्यापासून २५ सेंटिमीटरवर आहे. मिनिटाला १२०० फेरे होत असताना तेवढंसं वजन ड्रमला सुमारे २०० किलो वजनाइतक्या जोरानं बाहेर ओढतं. या ओढीची दिशा सेकंदाला २० वेळा गोल फिरते. वेग निम्मा, म्हणजे ६०० केला, की ओढ निम्मी नाही तर पावपट होते, सुमारे ५० किलो. कारण ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

मशीनचं स्वतःचं वजन मात्र ६०-७० किलोच्या आसपास. म्हणूनच ड्रम आत स्प्रिंगवर टांगलेला असतो, खाली धक्के शोषणारे दांडे असतात आणि टबाला मुद्दाम जड वजनं बसवलेली असतात. बऱ्याच मशीनमध्ये ती चक्क काँक्रीटची असतात. या सगळ्यातून उरलेला हादरा चार पायांतून जमिनीत जातो. चारही पाय घट्ट टेकलेले असतील तर जमीन तो पचवते. एक जरी पाय अधांतरी असेल, तर मशीन त्या पायावर आपटत राहतं आणि प्रत्येक आपटीला थोडं सरकतं.

"नाचता येईना, अंगण वाकडे" ही म्हण आपण दुसऱ्याला हिणवायला वापरतो. आमच्या न्हाणीत अंगण खरंच वाकडं होतं.

जे करून चुकलो

मशीन बसवायला आलेल्या माणसानं एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली होती. पाण्यानं तिचा महिन्याभरात लगदा झाला. दुसऱ्यांदा आलेल्यानं चाकांचा लोखंडी स्टँड सुचवला. आपल्याकडे स्टँडचं आकर्षण समजण्यासारखं आहे: खालून झाडता येतं, फरशीवर पाणी आलं तरी मशीन कोरडं राहतं. पण मागे-पुढे सरकणाऱ्या पट्ट्या आणि चाकं असलेला हलका स्टँड पिळताना स्वतःच डुलतो. स्टँड घ्यायचाच तर चाकांशिवायचा, जाड पायांचा आणि पाय वर-खाली करता येणारा घ्यावा.

मग मी ऑनलाइन रबरी पॅड मागवले. ते वाईट नसतात. गुळगुळीत कोटा फरशीवर साबणाचं पाणी सांडलं की पाय घसरतात, तिथे पॅड पकड देतात आणि आवाजही थोडा कमी करतात. पण मशीन तिरकंच असेल तर पॅड त्याला सरळ करत नाहीत. विटांचा प्रयोग शेजारच्या काकूंनी सुचवला होता. तो मात्र कधीच करू नका. सुट्या विटा हादऱ्यानं सरकतात आणि साठ-सत्तर किलोचा डोलारा कलंडू शकतो.

शेवटी ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं, ते मोरीकडे पळताना पाहिलं आणि म्हणाले, "भैया, फर्श ही टेढ़ा है, मशीन क्या करेगी?"

न्हाणीची फरशी तिरकी असायलाच हवी, नाहीतर पाणी साचेल. आमच्याकडे मशीनच्या ६० सेंटिमीटर खोलीत दीड सेंटिमीटर उतार निघाला. ज्या उतारानं न्हाणी कोरडी राहते, तोच मशीनला पुढे ढकलत होता.

आधी पाय तपासा

सगळ्यांनाच बांधकाम करावं लागत नाही. बहुतेक घरांत अर्ध्या तासाचं काम असतं.

पहिली गोष्ट, फ्रंट लोड नवं असेल आणि पहिल्याच दिवसापासून भयंकर हादरत असेल तर पाठीमागे पाहा. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून तिथे तीन-चार मोठे बोल्ट लावलेले असतात. ते काढायचे राहिले तर स्प्रिंग काहीच काम करत नाहीत. काढलेले बोल्ट जपून ठेवा, घर बदलताना लागतात.

दुसरी गोष्ट, डुलतं का ते पाहा. मशीन बंद ठेवून समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यांवर आळीपाळीनं दाबा. तीन पाय कुठेही टेकतात, प्रश्न चौथ्याचा असतो. डुलत असेल तर कोणीतरी मशीन किंचित कलतं धरावं आणि दुसऱ्यानं तो पाय फिरवून खाली आणावा. हे काम एकट्यानं करू नका.

तिसरी गोष्ट, पाणसळ, म्हणजे स्पिरिट लेव्हल, मशीनच्या माथ्यावर आडवी आणि उभी दोन्हीकडे ठेवून बघा. मोबाइलमधलं ॲपही चालतं, पण कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे फोन तिरका बसतो. म्हणून एकदा मोजल्यावर फोन जागच्या जागी अर्धा फिरवून पुन्हा मोजा. दोन्ही वेळा तितकाच, पण उलट दिशेचा कल दिसला तर दोष मशीनचा नाही, फोनचा आहे.

चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात. प्रत्येक पायाच्या आट्यांवर एक चपटी नट असते. पाय जुळवून झाला की ती वर नेऊन मशीनच्या बुडाला भिडवून आवळायची. ती सैल राहिली तर हादऱ्यानं पाय हळूहळू फिरतो आणि चार आठवड्यांत पुन्हा तेच. पाय जितका कमी बाहेर काढावा लागेल तितकं चांगलं. खूप लांब काढलेला पाय वाकतो.

चौथरा

आमचा उतार पायांनी भरून निघण्यापलीकडचा होता, म्हणून चौथरा बांधायचं ठरलं. मशीनची लांबी-रुंदी साधारण ६० सेंटिमीटर, म्हणून चौथरा ७५ बाय ७५ आणि उंची सरासरी १२ सेंटिमीटर. फरशी गुळगुळीत असेल तर नवं काँक्रीट तिला धरत नाही, म्हणून मिस्त्रींनी आधी तिला टोचे मारले, धुतली आणि सिमेंटचं दाट पाणी फासलं. मग फळ्यांची चौकट, आत आठ मिलिमीटरच्या सळ्यांची जाळी आणि एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी, ज्याला आमच्याकडे गिट्टी म्हणतात. अर्ध्या पोत्याहून थोडं जास्त सिमेंट लागलं.

या चौथऱ्याचं वजन सुमारे १६० किलो भरतं, म्हणजे मशीनच्या दुपटीहून जास्त. तो फरशीशी एकजीव असल्यामुळे हादरा मशीनला हलवण्याऐवजी खाली जमिनीत जातो.

माथा पाणसळ लावून अगदी सपाट केला, पण घोटून गुळगुळीत केला नाही. चारही बाजूंना दोन सेंटिमीटरचा काठ ठेवला, म्हणजे कधी पाय सरकलाच तर अडेल. मोरीकडच्या कोपऱ्यात काठाला खाच ठेवली, म्हणजे पाणी साचणार नाही. नळाची आणि सांडपाण्याची नळी वाढलेल्या उंचीला पुरते का, हे आधीच पाहून घेतलं. आईनं ओलं गोणपाट टाकून दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. दोन आठवडे मशीन वर चढवलं नाही. घाई केली तर काँक्रीट कच्चं राहून पायांखाली झिजतं.

सगळा खर्च मजुरीसकट तीन हजारांच्या आत झाला.

हे आमचं तळमजल्यावरचं गणित आहे. वरच्या मजल्यावर, बाहेर काढलेल्या बाल्कनीत किंवा जुन्या वाड्यातल्या लाकडी मजल्यावर एवढं वजन टाकण्याआधी सिव्हिल इंजिनिअरला विचारा. टोचे मारताना न्हाणीचं वॉटरप्रूफिंग फुटलं तर खालच्या घरात गळती होते, तेही लक्षात ठेवा. तिथे चौथऱ्यापेक्षा जागा बदलणं सोपं: मधोमध नको, भिंतीच्या कोपऱ्यात. तिथे स्लॅब कमी थरथरतो.

बांधकाम चालूच होतं तर विजेचंही पाहून घेतलं. १६ अँपिअरचा तीन पिनांचा सॉकेट, नीट अर्थिंग आणि घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. पाणी आणि वीज शेजारी नांदतात तिथे यात काटकसर नको.

आणि गोधडी

सपाट चौथऱ्यावरही मशीन एकदा धडधडलंच. आईनं आजीची गोधडी एकटीच धुवायला टाकली होती. एकच जड वस्तू भिजून गोळा होते आणि तिचा भार तोलायला समोर काही नसतं. तोल साधेना की मशीन पिळणं थांबवून कपडे पुन्हा पसरायचा प्रयत्न करतं. "नऊ मिनिटं" असा आकडा बराच वेळ अडकून राहिला, तर ते बिघडलेलं नसतं, तोल शोधत असतं. गोधडीसोबत दोन टॉवेल टाका किंवा पिळण्याचा वेग ६००-८०० वर आणा. गोधडी फारच जड असेल तर तिच्यासाठी बादली आणि दोन माणसंच बरी.

परीक्षा म्हणून आम्ही मशीनवर पाण्याचा पेला ठेवून धुणं लावलं. शेवटी पाण्यावर तरंग उठले, पण पेला जागचा हलला नाही. आई थोडा वेळ तिथेच थांबली आणि मग पोहे करायला निघून गेली. त्या दिवशी मला तेवढंच हवं होतं. आता रविवारी विचारलं तर म्हणते, "नाही रे, आता चालत नाही. नुसतं धुतं."

आपल्यापैकी बरेच जण आई-बाबांना वस्तू घेऊन देतो आणि ख्यालीखुशाली फोनवर विचारतो. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा विचारू नका. धुणं लावा आणि शेवटची दहा मिनिटं स्वतः तिथे उभे राहा.